बोन कंडक्शन हेडफोन रोजच्या वापराला कसे? चष्मा, हेल्मेट, लोकल आणि वडिलांच्या कानाचा पडदा

ओसरी

नमस्कार. कानात इअरबड टिकत नाहीत आणि कान पूर्ण बंद झालेला नकोच आहे, म्हणून बोन कंडक्शन हेडफोन (कानात न घालता हाडातून आवाज पोचवणारे) घ्यायचं जवळजवळ ठरलं आहे. जाहिरातीत सगळंच गोड दिसतं, म्हणून जाणकारांना विचारते.

वापर असा: सकाळी ४५ मिनिटं चालणं, मग स्वयंपाक करताना पॉडकास्ट (कुकरच्या शिट्ट्या आणि दारावरची बेल ऐकू यायला हवी), दिवसा घरून काम आणि लॅपटॉपवर तीन-चार तास मीटिंगा. आठवड्यातून दोन दिवस डोंबिवली–दादर लोकल. चष्मा कायमचा. स्कूटरवर हेल्मेट, आत स्कार्फ.

१. चष्मा, स्कार्फ, हेल्मेट यांच्याबरोबर हे बसतात का?
२. हजार रुपयांपासून वीस हजारांपर्यंत सगळ्यांवर ‘बोन कंडक्शन’ लिहिलेलं आहे. खरं-खोटं कसं ओळखायचं?
३. कानाच्या पडद्यावर ताण नाही म्हणजे कानाला धोका नाही, हे खरं का?
४. वडील ७१ वर्षांचे. डाव्या कानाचा पडदा बऱ्याच वर्षांपासून फुटका, मधूनमधून कान वाहतो. टीव्ही ऐकायला त्यांना याचा उपयोग होईल का?

---

टाचणी

आधी अपेक्षा जागेवर आणू. हा हेडफोन आवाज उत्तम यावा म्हणून घ्यायचा नसतो, कान मोकळा राहावा म्हणून घ्यायचा असतो. पॅड गालफडाच्या हाडावर थरथरतो, ती थरथर कवटीतून थेट अंतर्कर्णातल्या कॉक्लियापर्यंत जाते. कानाची नळी, पडदा, त्यामागची तीन हाडं हा नेहमीचा रस्ता बराचसा वगळला जातो. खालचे सूर उमटवायचे तर पॅड जास्त हलावा लागतो, आणि तो जास्त हलला की गालाला गुदगुल्या होतात. त्यामुळे डग्ग्याची घुमक इथे मिळत नाही. बोलणं मात्र स्वच्छ येतं. पॉडकास्ट, बातम्या, फोन, पुस्तकवाचन यांना उत्तम. मैफल ऐकायची तर दुसरं काही घ्या.

जागा: कानशिलात लगावतात तीच. कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो त्याच्या लगेच पुढे, जबड्याचा सांधा हलतो तिथे. बोट ठेवून तोंड उघडझाप करा, सापडेल. पॅड तिथून अर्धा सेंटीमीटर वर सरकला तरी आवाज पातळ होतो. केस मध्ये आले तरी तेच, म्हणून कानापुढच्या बटा मागे घेऊनच लावा. जेवताना आवाज कमी-जास्त होतो तो याच सांध्यामुळे, तो बिघाड नव्हे.

चष्मा: आधी हेडफोन, वरून चष्मा. हेडफोनचा हुक कानाच्या खोबणीत खोल बसायला हवा आणि चष्म्याची काडी त्याच्यावर. उलट केलं तर हुक उचलला जातो आणि पॅड हाडापासून सुटतो. शिवाय चष्मा पुसायला काढला की हेडफोनही निघतो. धातूच्या बारीक काड्यांना काहीच त्रास नाही. जाड प्लास्टिकच्या रुंद काड्या असतील तर दुकानात चष्मा लावूनच बघा, तासाभराने कानामागे दुखतं.

पट्टा: मानेमागचा पट्टा मानेला टेकता कामा नये, पण फार लांबही नको. एक-दोन बोटं अंतर पुरे. जास्त लांब असला तर मान मागे केली की पट्टा कॉलरला किंवा अंबाड्याला लागतो आणि दोन्ही पॅड पुढे ढकलले जातात. काही मॉडेल ‘मिनी’ मापात येतात, त्यांचा पट्टा साधारण दोन सेंटीमीटर आखूड असतो. बारीक चणीच्या माणसाला तोच बसतो. उंच पाठीची खुर्ची, बसमधली डोकं टेकायची उशी, पलंगावर आडवं होणं, या तीन ठिकाणी कुठल्याच मापाचा उपयोग नाही.

आता खरं-खोटं. स्वस्तातले बरेचसे ‘बोन कंडक्शन’ म्हणजे कानाबाहेर लटकवलेला साधा छोटा स्पीकर असतो. वाईट असतो असं नाही, पण तो हाडातून बोलत नाही. परीक्षा अर्ध्या मिनिटाची: हेडफोन लावा, बोलण्याचा ऑडिओ मध्यम आवाजात सुरू करा आणि दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करा. खरा असेल तर आवाज वाढतो आणि भरदार होतो. नकली असेल तर जवळजवळ गायब होतो. दुसरी खूण डोळ्यांना दिसते: पॅडच्या कानाकडच्या कडेला जाळी किंवा फट असेल तर तिथून हवेत आवाज सोडला जातोय. पण इथे एक घोळ आहे. शॉक्झ या कंपनीच्या ओपनरन प्रो २ सारख्या नव्या मॉडेलांत खालच्या सुरांसाठी हवेतला स्पीकर आणि वरच्यासाठी हाडातला, असे दोन्ही असतात. तिथे जाळी दिसली म्हणून नकली म्हणू नका, बोटांची परीक्षाच करा.

(ही परीक्षा का चालते? हाडातून आलेली थरथर कानाच्या नळीच्या भिंतींनाही हलवते. नळी उघडी असेल तर खालचे सूर बाहेर निसटतात, बंद असेल तर आत कोंडून पडद्यावर आदळतात. आपलाच रेकॉर्ड केलेला आवाज परका वाटतो, त्याचं कारणही याच घराण्यातलं: स्वतःचं बोलणं आपण निम्मं हाडातून ऐकत असतो.)

---

घाटवाट

हेल्मेटचं मी सांगतो.

अर्धं हेल्मेट: हनुवटीचा पट्टा नेमका पॅडच्या जागेवरून जातो. पट्टा पॅडच्या मागून, कानाच्या पाळीजवळून घ्यावा लागतो. सगळ्या हेल्मेटांत ते जमत नाही. पूर्ण हेल्मेट: आतली गालाची गादी पॅडला दाबते. दाबल्यामुळे आवाज वाढल्यासारखा वाटतो, पण वीस मिनिटांत हाड ठणकायला लागतं. वर हेल्मेट काढताना हेडफोन त्यात अडकून हुकापाशी पिळवटतो, आणि तुटतो तिथेच. स्कार्फ वरून घट्ट गुंडाळला तर बटणं दाबली जातात आणि मध्येच फोन उचलला जातो.

पण खरं उत्तर वेगळं आहे. स्कूटरवर लावूच नका. वेग वाढला की वाऱ्याचा आवाज पडद्यावाटे कॉक्लियात पोचतो आणि हाडातला आवाजही तिथेच पोचतो. एकाने दुसरा झाकला जातो, मग आवाज वाढवला जातो. कान उघडा आहे म्हणून लक्षही उघडं आहे असं नसतं, बोलणं समजून घेण्यात डोकं गुंततंच. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने चालवताना हातातलं संपर्कसाधन वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे. अडवणाऱ्या हवालदाराला हाडातून की कानातून हे समजावत बसण्यात अर्थ नाही.

पायी चालताना मात्र याला तोड नाही. तिथेही एक करा: रस्त्याकडेला उभं राहून, मागून येणाऱ्या रिक्षाचा आवाज ती पंधरा-वीस पावलांवर असताना कळेल एवढाच आवाज ठेवा. तीच तुमची कमाल पातळी.

---

श्रवणतक्ता

तिसरा आणि चौथा प्रश्न माझ्या कामाचा आहे.

पडदा वगळला म्हणजे कान वाचला, हा समज चुकीचा आहे. मोठ्या आवाजाने जे कायमचं बिघडतं ते पडद्यात नसतं, कॉक्लियातल्या केसपेशींत (आवाज टिपणाऱ्या पेशी) असतं, आणि हाडातला आवाज थेट तिथेच उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि लहान मुलांसाठी ७५ डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे. फोन जे डेसिबल दाखवतो ते हवेतल्या आवाजाच्या हिशोबाने काढलेले असतात, हाडाच्या हेडफोनला ते लागू पडत नाहीत. म्हणून साधा नियम: शांत खोलीत बोलणं नीट कळेल ती पातळी ठरवा आणि गोंगाटात त्याच्यावर दोन पायऱ्यांपेक्षा जास्त चढू नका. तरीही ऐकू येत नसेल तर बंद करा.

लोकलमध्ये हे हमखास फसतं. डब्याचा खडखडाट मोकळ्या कानातून पूर्ण आत येतो आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. त्यावर उपाय फोमच्या बोळ्यांचा. बोळा दोन बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि वर ‘टाचणी’ यांनी सांगितलेल्या कारणाने खालचे सूरही भरतात. काही हेडफोनांबरोबर बोळे येतात ते यासाठीच. अर्थात बोळे घातल्यावर मोकळ्या कानाचा फायदा संपला. ते सीटवर बसल्यावरच घाला, फलाटावर आणि रूळ ओलांडताना कधीच नाही.

आता वडील. त्यांचा ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) काढलेला असेल तर त्यात दोन प्रकारच्या खुणा बघा. उजव्या कानाच्या हवेतल्या ऐकण्याला लाल गोल, डाव्याला निळी फुली. हाडातल्या ऐकण्याला उजवीकडे आणि डावीकडे उघडे कोन, किंवा दुसऱ्या कानात आवाज सोडून मोजलं असेल तर चौकोनी कंस. दोन्हींमधलं अंतर महत्त्वाचं. समजा डावा कान ५०० ते २००० हर्ट्झवर हवेतून ५० डेसिबलला ऐकतो आणि हाडातून १५ ला. ३५ चं अंतर पडलं, म्हणजे अडथळा पडद्यापाशी आहे आणि आतला कान शाबूत आहे. अशा माणसाला हाडातला आवाज खरोखर स्पष्ट येतो. पण ७१ व्या वर्षी बहुधा ४००० हर्ट्झकडे हाडाची खूणही ५०-६० पर्यंत खाली गेलेली असते. मग स, श, च, त असे वर्ण पुसट राहतात. तिथे आवाज वाढवून उपयोग नाही, ‘बोलणं ऐकू येतं पण कळत नाही’ ही तक्रार तशीच राहते.

आणखी एक गोष्ट: हाडातला आवाज बाजू पाळत नाही. डाव्या पॅडचा आवाज फारशी घट न होता उजव्या कॉक्लियातही पोचतो. त्यामुळे वडिलांना ऐकू आलं तर ते डाव्या कानाने ऐकलं असं समजू नका, उजवा काम करत असेल. टीव्हीसाठी काही बिघडत नाही. फोनवर ऐकायचं असेल तर सेटिंगमधल्या अॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ (दोन्ही बाजूंना एकच आवाज) सुरू करा.

तीन इशारे. पहिला: कान सध्या वाहत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. हेडफोनने स्राव थांबत नाही, फक्त नळी बंद होत नाही एवढंच. दुसरा: हे श्रवणयंत्र नाही. समोरच्या माणसाचं बोलणं ते उचलून वाढवत नाही. त्यासाठी हाडातून चालणारी वेगळी श्रवणयंत्रं असतात, डोक्याच्या पट्ट्यावर किंवा चिकटपट्टीवर बसणारी, आणि कवटीत स्क्रू बसवून लावायचीही. स्क्रूची पद्धत स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९७७ मध्ये सुरू झाली. तिसरा: पॅडमध्ये चुंबक असतो. पेसमेकर असेल तर हेडफोन गळ्यात किंवा छातीवरच्या खिशात ठेवू नका, १५ सेंटीमीटर अंतर राहू द्या. आणि डोक्यात चुंबकाने दाब बदलता येणारा शंट (मेंदूतलं पाणी काढणारी नळी) किंवा कॉक्लियर इम्प्लांट (अंतर्कर्णात बसवलेलं श्रवणाचं यंत्र) असेल तर शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय लावूच नका.

---

खोबरेल

एक बारकं: डोक्याला तेल लावलेल्या दिवशी सिलिकॉन घसरतं आणि आवाज ‘गेला’ असं वाटतं. पॅड आणि कानशील ओल्या फडक्याने पुसा. सर्व्हिस सेंटरला जायचा हेलपाटा वाचेल.

---

ओसरी

सगळ्यांचे आभार. स्कूटरचा विषय बंद केला. दोन गोष्टी राहिल्या. मीटिंग सुरू झाली की लॅपटॉपवर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो असं ठिकठिकाणी वाचलं, ते काय? आणि पावसाळ्यात चालताना किती काळजी घ्यायची?

---

टाचणी

डब्यातला आवाज ब्लूटूथचा आहे, हाडाचा नाही. नुसतं ऐकताना ब्लूटूथ चांगल्या दर्जाच्या पद्धतीवर चालतं. हेडफोनचा माईक सुरू झाला की बहुतेक जोड्या फोनकॉलच्या पद्धतीवर उतरतात आणि आवाज एकेरी, कापलेला होतो. मीटिंगच्या अॅपमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन निवडा आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा. विंडोजवर तेवढ्यानेही सुधारलं नाही तर डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये हँड्सफ्री टेलिफोनी बंद करा. घरात मिक्सर-पंखा सुरू असेल आणि माईक तोंडाजवळच हवा असेल, तर दांडीचा माईक आणि यूएसबी डाँगल असलेलं ऑफिसचं मॉडेल घ्या, उदाहरणार्थ शॉक्झचं ओपनकॉम यूसी.

फोन आणि लॅपटॉप एकदम जोडणार असाल तर लॅपटॉपचे सूचनांचे आवाज बंद ठेवा. नाहीतर ईमेलच्या एका टिंगसाठी हेडफोन फोनवरचा पॉडकास्ट तोडून तिकडे उडी मारतो, आणि लोक हेडफोनला नावं ठेवतात.

इक्वलायझर: बोलण्यासाठी १५० हर्ट्झच्या खालचं कमी करा, गुदगुल्या निम्म्या होतात. २००० ते ४००० थोडं वर घ्या. शांत ऑफिसात शेजाऱ्याला ऐकू जातं ते पॅडच्या कवचाच्या थरथरीमुळे. तिथे आवाज कमी करणं हाच एक उपाय, पॅड दाबून धरल्याने फरक पडत नाही.

पाऊस. खोक्यावरचा आयपी आकडा (धूळ-पाण्यापासून किती संरक्षण ते सांगणारा) वाचा. ५५ म्हणजे घाम आणि सरी चालतील, बुडवणं नाही. ६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. शॉक्झचं ओपनरन ६७ चं आहे, वजन २६ ग्रॅम. ओपनरन प्रो ५५ चं. ६७ म्हणजे पोहायला चालतं असा अर्थ नाही. पोहण्यासाठी ६८ चं आणि आत गाणी साठवता येणारं मॉडेल लागतं, कारण ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच विरतात.

पावसाने सहसा मरत नाही, मरतं ते ओलं असताना चार्जिंगला लावल्याने. चुंबकी चार्जरच्या दोन पिनांमध्ये घामाचं खारं पाणी असताना वीज सोडली की पिनांचा मुलामा खाल्ला जातो, काळे-हिरवे डाग पडतात आणि मग चार्जर धरतच नाही. घरी आल्यावर साध्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा (५५ असेल तर फक्त ओल्या फडक्याने पुसा), सुक्या सुती कापडाने टिपा, पंख्याखाली तासभर ठेवा आणि मगच चार्ज करा. हेअर ड्रायर नको, गरम हवेने सांध्यातला गोंद सुटतो. डाग पडलेच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, कण्या आणि पीठ माईकच्या भोकात जातात.

शक्यतो यूएसबी-सी चार्जिंगचं मॉडेल घ्या. खास चुंबकी केबल असलेलंच घ्यायचं असेल तर दुसरी केबल त्याच दिवशी मागवा. ती हरवली की शेजारच्या मोबाईल दुकानात मिळत नाही. महिनोन्महिने वापरणार नसाल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज करा.

---

पांढरी काठी

स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या दृष्टिहीनांसाठी दोन ओळी, कारण या हेडफोनची खरी गरज असलेला वर्ग तोच आहे. काठीच्या टोकाचा टकटकाट भिंतीवरून परत येतो, उघडं गटार आणि बंद दुकान यांचा आवाज वेगळा असतो. कान बंद केला की ही सगळी माहिती जाते.

टॉकबॅकमध्ये (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) मराठी आवाज आणि वेग आधी शांत खोलीत बसवून घ्या. रस्त्यावर नेहमीपेक्षा एक-दोन टप्पे हळू ठेवा, कारण हाडातून येणारी जोडाक्षरं जास्त वेगात चिकटतात. पहिलं अक्षर गिळलं जाणं ही नेहमीची तक्रार आहे: दोन वाक्यांमध्ये ब्लूटूथ झोपतं आणि जागं होईपर्यंत ‘रद्द करा’चं ‘द्द करा’ होतं. एनव्हीडीएमध्ये (विंडोजवरचा स्क्रीन रीडर) बोलणं संपल्यावरही ऑडिओ काही सेकंद जागा ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. टायपिंगसाठी ब्लूटूथची दिरंगाई जाचतेच, घरी टेबलावर वायरवाला साधा हेडफोन बरा. आणि रस्ता ओलांडताना आवाज कमी करून भागत नाही, थांबवायचा. पॉजचं बटण कुठल्या पॅडवर आहे ते बोटांना पाठ हवं.

---

ओसरी

वडिलांचा ऑडिओग्राम सापडला. डावीकडे हवेतून ५५, हाडातून २०, पण ४००० ला हाडातूनही ४५. टीव्ही जोडताना काय बघायचं?

---

श्रवणतक्ता

मग करून बघायला हरकत नाही. बातम्या आणि कीर्तन कळेल, मालिकेतली कुजबूज कदाचित नाही. घेण्याआधी दुकानात त्यांच्याच कानशिलावर, बोलण्याच्या ऑडिओवर दहा मिनिटं लावून बघा आणि परत घेण्याची मुदत विचारून ठेवा.

---

टाचणी

टीव्हीत ब्लूटूथ असेल तर थेट जोडता येतो, पण बऱ्याच टीव्हींत हेडफोन जोडला की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो आणि घरातले बाकीचे मुके चित्र बघत बसतात. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये दोन्हीकडे एकदम आवाज देण्याचा पर्याय आहे का ते आधी शोधा. नसेल तर ऑप्टिकल आउटपुटला लावायचा ब्लूटूथ ट्रान्समीटर घ्या. ऑप्टिकल वापरताना बहुतेक टीव्हींचे स्पीकर चालू ठेवता येतात, ३.५ मिलिमीटरच्या भोकात पिन घातली तर सहसा बंद होतात. ट्रान्समीटरमधून काहीच ऐकू आलं नाही तर टीव्हीचं डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर (न दाबलेला साधा आवाज) ठेवा, डॉल्बी त्याला समजत नाही.

ओठ आणि आवाज मागेपुढे होणारच. या हेडफोनांत बहुधा एसबीसी हाच कोडेक (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) असतो, त्यामुळे ट्रान्समीटरवर ‘लो लेटन्सी’ (कमी दिरंगाई) लिहिलेलं असलं तरी त्याचे जास्त पैसे मोजू नका, ती सोय दोन्ही टोकांना लागते. टीव्हीत ऑडिओ डिले किंवा एव्ही सिंक असेल तर तिथे शून्यापासून सुरुवात करून बातमीदाराच्या ओठांकडे बघत जुळवा. ते कधीकधी फक्त स्पीकरला लागू होतं, मग हेडफोनला फरक पडणार नाही. वडील ओठ बघून शब्द ओळखत असतील तर ही तपासणी खरेदीच्या आधी करा, नंतर नाही.